इंडिकस, इंडिका, इंडिकम : एका लॅटिन विशेषणाची रूपे, उच्चार आणि मराठी लेखन

प्रस्तावना

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत चिंचेच्या फांदीखाली ‘टॅमरिंडस इंडिकस’ असे लिहिणारा विद्यार्थी चुकलेला असतो. ‘टॅमरिंडस इंडिका’ हे त्या झाडाचे मान्य शास्त्रीय नाव आहे. मात्र विद्यार्थ्याची चूक निर्बुद्धपणाची नसते. ‘टॅमरिंडस’च्या शेवटी ‘अस’ ऐकू आल्यावर विशेषणाच्या शेवटीही त्याने ‘अस’ लावलेला असतो. भाषेचा एक नियम त्याने स्वतःच शोधलेला असतो आणि तो नियम या ठिकाणी का लागू पडत नाही, हे त्याला कोणीही सांगितलेले नसते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शास्त्रीय नावे बहुतांशी पाठांतराचा विषय म्हणून शिकविली जातात. परिणामी विशेषणाचे शेपूट कधी ‘अस’, कधी ‘आ’ तर कधी ‘अम’ का होते, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या तासाला भाषेचा म्हणून सोडून दिला जातो आणि भाषेच्या तासाला तो उपस्थितच होत नाही. दोन विभागांच्या मध्ये पडलेल्या या प्रश्नाचा विचार ‘इंडिकस’ या एकाच विशेषणाच्या आधारे येथे केला आहे.

हे विशेषण निवडण्याचे कारण उघड आहे. आंबा म्हणजे मॅंजिफेरा इंडिका, कडुनिंब म्हणजे अझाडिराक्टा इंडिका, तीळ म्हणजे सेसॅमम इंडिकम, वशिंड असलेला बैल म्हणजे बॉस इंडिकस आणि लांब चोचीचे गिधाड म्हणजे जिप्स इंडिकस. महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबा आणि राज्यप्राणी शेकरू हे दोन्ही ‘इंडिका’ आहेत. भाताच्या ‘इंडिका’ आणि ‘जपोनिका’ या दोन गटांची नावे कृषी महाविद्यालयांत रोजच्या वापरातील आहेत. १९९८ साली बाजारात आलेल्या टाटांच्या मोटारीमुळे तर हा शब्द लॅटिनचा गंधही नसलेल्या घरांत पोहोचला.

व्युत्पत्ती आणि रूपे

‘इंडिकस’ हा शब्द लॅटिनने ग्रीकमधील ‘इंडिकोस’वरून घेतला. त्यातील मूळ अंश ‘सिंधु’ हाच आहे. प्राचीन फारसीत ‘स’चा ‘ह’ होऊन ‘हिंदु’ झाले, आयोनियन ग्रीकांनी तो ‘ह’ही गाळला आणि ‘इंडोस’ उरले. त्याला जोडलेला ‘इकोस’ हा प्रत्यय संस्कृतातील ‘धार्मिक’, ‘सैनिक’ यांतील ‘इक’ प्रत्ययाचा आप्त मानला जातो. म्हणजे प्रकृती सिंधुकाठची आणि प्रत्यय ओळखीचा, असा हा परदेशी शब्द आहे. (‘इंडिकेटर’चा याच्याशी काही संबंध नाही. तो ‘दाखविणे’ या अर्थाच्या निराळ्या लॅटिन धातूपासून आला असून त्याचे नाते संस्कृत ‘दिश्’शी आहे.)

लॅटिनमध्ये या विशेषणाची प्रथमेच्या एकवचनाची रूपे तीन आहेत. पुल्लिंगी ‘इंडिकस’, स्त्रीलिंगी ‘इंडिका’ आणि नपुंसकलिंगी ‘इंडिकम’. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला येथे ‘नवः, नवा, नवम्’ आठवावे. लॅटिनमधील ‘नोवुस, नोवा, नोवुम’ हा त्याचाच सख्खा भाऊबंद आहे. जुन्या लॅटिनमध्ये तर शेवट ‘ओस’ आणि ‘ओम’ असे होते, तेव्हा हे साम्य अधिकच स्पष्ट दिसे. लॅटिन नपुंसकलिंगाच्या शेवटचा ‘म’ बोलण्यात पूर्ण उच्चारला जात नसे, तो आधीच्या स्वराला अनुनासिक करून विरत असे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वी मराठीत ‘चांगलें’ या नपुंसकलिंगी रूपावर अनुस्वार दिला जाई. नपुंसकलिंगाची खूण नाकात ठेवण्याची ही सवय तिन्ही भाषांत दिसते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

विशेषणाने विशेष्याचे लिंग, वचन आणि विभक्ती धारण करावी, हा नियम संस्कृत आणि लॅटिन या दोन्ही भाषांत सारखाच आहे. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेतील कलम २३.५ आणि प्राण्यांच्या नामकरणसंहितेतील कलम ३१.२ यांनी तोच नियम शास्त्रीय नावांना लावला आहे. प्रजातीचे नाव हे नाम आणि त्यापुढील जातिवाचक शब्द विशेषण असेल, तर त्याने प्रजातीच्या नावाच्या लिंगानुसार रूप घ्यावयाचे. सेसॅमम नपुंसकलिंगी, म्हणून इंडिकम. मॅंजिफेरा स्त्रीलिंगी, म्हणून इंडिका.

मग चिंचेचे काय? अडचण ‘टॅमरिंडस’च्या शेवटामुळे उद्भवते. ‘उस’ हा शेवट म्हणजे पुल्लिंग, ही समजूत बऱ्याच अंशी खरी असली तरी पूर्णतः खरी नाही. लॅटिनमध्ये झाडांची नावे ‘उस’कारान्त असूनही परंपरेने स्त्रीलिंगी मानली जातात. फायकस हे असेच स्त्रीलिंगी नाव आहे, म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओसा आणि उंबर फायकस रॅसिमोसा. प्रूनस, क्वेर्कस, पाइनस यांचीही हीच कथा. चिंच झाड असल्याने लिनियसने १७५३ मध्ये ‘टॅमरिंडस’ला स्त्रीलिंगी विशेषण दिले. याच्या उलट कोचीनच्या डच गव्हर्नर व्हान रेडे यांच्या बारा खंडांच्या ग्रंथाचे नाव ‘होर्तुस इंडिकुस मलबारिकुस’ असे आहे, कारण ‘होर्तुस’ म्हणजे बाग आणि बाग पुल्लिंगी. एकाच ‘उस’पुढे येथे ‘इंडिकुस’ आणि तेथे ‘इंडिका’. १६७८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन वैद्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत, देवनागरी लिपीत छापलेले आहे. लॅटिन विशेषण आणि देवनागरी अक्षर यांची ही गाठ तीनशे वर्षांहून अधिक जुनी आहे.

मराठी विद्यार्थ्याला ही गोष्ट समजावून देणे अवघड नाही. मराठीत ‘राजा’ आणि ‘शाळा’ दोन्ही आकारान्त आहेत, तरी ‘मोठा राजा’ आणि ‘मोठी शाळा’ असेच म्हटले जाते. ‘कवी’ मोठा असतो, ‘नदी’ मोठी असते. नामाचे शेवटचे अक्षर लिंगाची हमी देत नाही, ते विशेषण उघड करते. पाच वर्षांच्या मुलाला हे न शिकविता येते. त्याच मुलाला अठराव्या वर्षी ‘टॅमरिंडस इंडिका’ घोकून पाठ करावयास लावणे, हा त्याच्या मातृभाषेतील ज्ञानाचा अपव्यय होय. इंग्रजीतून शिकविताना ही सोय नाहीशी होते, कारण इंग्रजी विशेषणाला लिंगच नसते. इंग्रजी पाठ्यपुस्तकात हा नियम एक परकी विचित्रता म्हणून तळटीपेत येतो आणि मराठी प्राध्यापकही तो तसाच पुढे देतात, हे खेदजनक आहे.

झाड आणि फळ यांच्या लिंगभेदातही असाच एक दुवा आहे. लॅटिनमध्ये ‘पिरुस’ हे नासपतीचे झाड स्त्रीलिंगी, तर ‘पिरुम’ हे फळ नपुंसकलिंगी. संस्कृतात ‘आम्रः’ हा वृक्ष पुल्लिंगी, ‘आम्रम्’ हे फळ नपुंसकलिंगी. वृक्षाच्या लिंगाबाबत दोन्ही भाषांचे एकमत नसले, तरी फळाबाबत ते आहे.

प्रजाती बदलली की विशेषण बदलते

नियमाची खरी परीक्षा एखादी जाती एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलविली जाते तेव्हा होते. १७७७ मध्ये एर्क्सलेबेनने शेकरूला खारींच्या ‘स्क्यूरस’ या प्रजातीत घालून ‘स्क्यूरस इंडिकस’ म्हटले. ‘स्क्यूरस’ पुल्लिंगी. पुढे शेकरूची ‘रतुफा’ ही स्वतंत्र प्रजाती झाली. ती स्त्रीलिंगी, म्हणून आज ‘रतुफा इंडिका’. प्राणी तोच, विशेषण तेच, फक्त नामाचे लिंग पालटले. लिनियसच्या ‘अझालिया इंडिका’चे ‘ऱ्होडोडेंड्रॉन इंडिकम’ झाले तेही याच कारणाने, कारण ‘ऱ्होडोडेंड्रॉन’ हे नाव ग्रीकमधून आलेले नपुंसकलिंगी आहे. जुनी आणि नवी नावे जुळवून पाहणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याला हा नियम ठाऊक नसेल, तर त्याला एकाच जातीची दोन वेगळी नावे दिसतात.

अपवाद मात्र मोठा मजेशीर आहे. निवडुंगाच्या एका जातीला लिनियसने ‘कॅक्टस फायकस-इंडिका’ म्हटले होते. ‘कॅक्टस’ पुल्लिंगी असूनही विशेषण ‘इंडिका’च राहिले, कारण ते कॅक्टसचे विशेषण नव्हतेच, ते शेजारच्या ‘फायकस’चे, म्हणजे अंजिराचे होते. ‘भारतीय अंजीर’ हे त्या जोडशब्दातले नाते. पुढे ती जाती ‘ओपन्शिया’त गेली, तरी ‘फायकस-इंडिका’ जसेच्या तसे राहिले. मधल्या संयोगचिन्हाकडे दुर्लक्ष करणाऱ्याला हे कळणे शक्य नाही.

अर्थाबाबत सावधगिरी

हा निवडुंग मेक्सिकोचा आहे. त्याला ‘भारतीय’ म्हणणारा ‘इंडिका’ भारताशी किती इमानदार आहे, हा प्रश्न त्यामुळे ओघानेच येतो. कोलंबसानंतरच्या युरोपात ‘इंडीज’ दोन झाले, पूर्वेचे आणि पश्चिमेचे, आणि ‘इंडिकस’ हे विशेषण दोघांनाही लागू होऊ लागले. आधुनिक वनस्पतिनामकरणाचा आरंभबिंदू मानल्या गेलेल्या लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथात पहिल्या पानावरची पहिली जाती ‘कॅना इंडिका’ ही आहे. ती बागेतली कर्दळ होय आणि तिचे मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेत आहे. वर उल्लेखिलेले ‘ऱ्होडोडेंड्रॉन इंडिकम’ जपानचे. चिंचेबाबत तर गंमत दुहेरी आहे. ‘टॅमरिंडस’ हे नाव अरबी ‘तमर हिंदी’वरून, म्हणजे ‘हिंदी खजूर’ यावरून आलेले. त्यापुढे पुन्हा ‘इंडिका’ लावल्याने झाडाचे भारतीयत्व दोनदा सांगितले गेले आणि झाडाचे मूळस्थान मात्र आफ्रिका मानले जाते. ‘नावातच इंडिका आहे, म्हणजे मूळ भारतीय’ असे विधान विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आढळल्यास ते पुराव्याविना स्वीकारू नये.

विशेषणाचे नपुंसकलिंगी रूप स्वतंत्रपणे नाम म्हणूनही वावरले. रोमन लोक भारतातून येणाऱ्या निळीला ‘इंडिकुम’, म्हणजे नुसते ‘भारतीय’ असे म्हणत. इंग्रजी ‘इंडिगो’ त्यातूनच आला. १८६३ मध्ये सापडलेल्या मूलद्रव्याच्या वर्णपटात निळीच्या रंगाची ठळक रेषा दिसली, म्हणून त्याचे नाव ‘इंडियम’ ठेवले गेले. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या वाट्यालाही हे विशेषण असे येतेच.

उच्चार

लॅटिनचे उच्चार आज तीन परंपरांनी केले जातात. प्राचीन रोमचा अभ्यासाने पुनर्रचित केलेला उच्चार, चर्चमधील इटालियन वळणाचा उच्चार आणि इंग्लंडमध्ये रूढ झालेला इंग्रजी उच्चार. ‘इंडिका’ या रूपापुरते पाहिले तर तिघांत फारसा कलह नाही. परंतु पुल्लिंगी अनेकवचन घेतले की मार्ग फुटतात. प्राचीन रोमन ते ‘इन्दिकी’ म्हणेल, चर्चमधील पाद्री ‘इन्दिची’ म्हणेल आणि जुन्या वळणाचा इंग्रज शास्त्रज्ञ ‘इंडिसाय’ म्हणेल. गोवा आणि वसई येथील चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लोकभाषा येईपर्यंत उपासना लॅटिनमध्ये होत असे, त्यामुळे जुन्या पिढीतील ख्रिस्ती कुटुंबांना लॅटिनचा ध्वनी अगदीच अपरिचित नाही. महाविद्यालयांत मात्र जवळजवळ सर्वत्र इंग्रजी परंपरेची छाया आहे.

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९६६ च्या आपल्या ‘बोटॅनिकल लॅटिन’ या ग्रंथात असे मत मांडले आहे, की वनस्पतिशास्त्राची लॅटिन मुख्यतः लेखनाची भाषा आहे, नाव कानाला बरे वाटले आणि सर्वांना कळले म्हणजे उच्चाराचे फारसे महत्त्व नाही. हे मत उदार आहे आणि विद्वानांच्या सभेपुरते ते खरेही आहे. केंब्रिजचा प्राध्यापक आणि फ्लॉरेन्सचा प्राध्यापक एकाच नावाचे दोन उच्चार करतील आणि दोघांचाही मान राहील. परंतु मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत हे औदार्य मिळेलच असे नाही. त्याचा उच्चार निराळा असेल तर ती परंपरेतील भिन्नता न मानता अज्ञान मानले जाण्याची शक्यता अधिक. कोणताही नियम नसणे हे नियम जाणणाऱ्यांच्याच सोयीचे असते. म्हणून स्टर्न यांचे मत येथे जसेच्या तसे स्वीकारणे योग्य नाही.

नियम आहे आणि तो मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. लॅटिनमधील आघात उपान्त्य अक्षरावर अवलंबून असतो. ते गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. लघू-गुरूची कल्पनाही वृत्तांच्या अभ्यासातून येथे सर्वांना ठाऊक असलेलीच आहे. दीर्घ स्वराचे अक्षर गुरू, आणि पुढे जोडाक्षर असेल तर ह्रस्व स्वराचेही सामान्यतः गुरू. ‘इन्-दि-का’ यात ‘दि’ लघू, म्हणून आघात ‘इन्’वर. ‘मॅंजिफेरा’त ‘फे’ लघू, म्हणून आघात त्याआधीच्या ‘जि’वर. ‘सतीवा’त ‘ती’ मुळातच दीर्घ, म्हणून आघात तेथेच. ‘रिलिजिओसा’त ‘ओ’वर. भेंडीच्या ‘एस्कुलेंटस’मध्ये ‘ले’पुढे जोडव्यंजन असल्याने आघात ‘लें’वर. गणवृत्तांत मात्रा मोजू शकणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाने हे वनस्पतिशास्त्राच्या वर्गात एका तासात शिकविणे शक्य आहे.

‘ड’ आणि ‘द’ यांचा वाद मात्र घालू नये. रोमन ‘द’ दंत्य होता, ‘ड’ इंग्रजीच्या मार्गाने आला. ‘इंडिका’ आता मराठीत रुळला आहे आणि ‘इन्दिका’चा आग्रह धरल्याने विद्यार्थ्याचे काही भले होणार नाही. स्वरांचे ह्रस्व-दीर्घत्व हे खरे सांभाळावयाचे आहे, कारण आघात त्याच्यावर उभा आहे.

मराठी लेखनातील अडचण

नेमका येथेच मराठी लेखनाचा नियम आड येतो आणि त्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. मराठी शब्दाचे अन्त्य अक्षर दीर्घ असेल तर उपान्त्य इकार ह्रस्व लिहावयाचा, जसे ‘महिना’, ‘किडा’. शब्द अकारान्त असेल तर उपान्त्य इकार दीर्घ, जसे ‘गरीब’, ‘वीट’. हा नियम लॅटिन नावांना लावला तर ‘इंडिका’ बरोबर येते, पण पुल्लिंगी ‘इंडीकस’ आणि नपुंसकलिंगी ‘इंडीकम’ असे कोणी लिहील काय? येथे उपान्त्य अक्षर ‘क’ असल्याने नियम ‘डि’ला शिवत नाही, असे उत्तर देता येईल आणि लिपीपुरते ते खरे आहे. परंतु अन्त्य ‘अ’चा लोप होऊन ‘इंडिकस्’ असा उच्चार होतो तेव्हा ‘डि’ला दीर्घ करण्याचा मोह लेखकांना होतो आणि ‘इंडीकस’, ‘इंडीका’ अशी रूपे लिहिली जातात. लॅटिनमध्ये हा ‘इ’ तिन्ही लिंगांत, सर्व विभक्तींत ह्रस्वच आहे.

‘सतीवुस’ या विशेषणात नियमाचा जाच उघड होतो. ‘पेरलेला, लागवडीचा’ असा त्याचा अर्थ. भात ओरायझा सतीवा, केशर क्रोकस सतीवस, लसूण ॲलियम सतीवम, कोथिंबीर कोरिॲंड्रम सतीवम. मराठी स्वयंपाकघरातील निम्मा ऐवज या एका विशेषणाखाली येतो. लॅटिनमध्ये यातील ‘ती’ दीर्घ आहे आणि आघातही तिच्यावर आहे. मराठी नियमाने स्त्रीलिंगी रूप ‘सतिवा’ असे ह्रस्व लिहावे लागेल. वाचणारा मग ‘इंडिका’प्रमाणेच पहिल्या अक्षरावर जोर देऊन ते उच्चारतो आणि दोन अगदी निराळ्या घडणीची विशेषणे कागदावर जुळी दिसू लागतात. इंग्रजी परंपरेतून आलेले ‘सटायवा’ हे रूप निदान आघाताची जागा राखते, एवढा त्याचा गुण मान्य करावा लागेल.

यावर उपाय मराठी व्याकरणातच आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहावयाचे, ही सवलत मराठीने ‘गुण’, ‘विष’, ‘गीता’ अशा शब्दांना दिलेलीच आहे. शास्त्रीय नावांना ही सवलत देण्यास तात्त्विक अडचण दिसत नाही, कारण तीही मुळाप्रमाणेच वापरावयाची असतात. नव्या वनस्पतीचे वर्णन १ जानेवारी २०१२ पासून लॅटिनऐवजी इंग्रजीत देता येते, तरी नाव लॅटिन स्वरूपाचेच राहिले आहे. ‘इंडिकस, इंडिका, इंडिकम’ यांत सर्वत्र ह्रस्व आणि ‘सतीवस, सतीवा, सतीवम’ यांत सर्वत्र दीर्घ लिहिले, तर देवनागरीतील नाव रोमन लिपीपेक्षा अधिक बोलके होते. रोमन लिपीत दोन्हींचा ‘आय’ सारखाच दिसतो, देवनागरी मात्र वेलांटीनेच आघात सांगते. अन्त्य ‘आ’चा अपवाद करावा लागेल. लॅटिन प्रथमेतील तो ‘आ’ वास्तविक ह्रस्व आहे, पण ‘इंडिक’ असे लिहिल्यास मराठी वाचक लिंगच हरवून बसेल.

मराठीतील वनस्पतिकोश आणि पाठ्यपुस्तके यांच्या पुढील आवृत्त्यांत हे करणे संपादकांच्या हाती आहे. प्रात्यक्षिकाच्या टेबलावरील चिठ्ठीपुरते ते कोणत्याही विभागाला उद्याच करता येईल. चिंचेखाली ‘टॅमरिंडस इंडिकस’ लिहिणाऱ्याला गुण द्यावा की नाही, हे परीक्षकाने ठरवावे. मात्र पुढच्या तासाला फळ्यावर ‘मोठा राजा, मोठी शाळा’ लिहून त्याखाली ‘होर्तुस इंडिकुस, टॅमरिंडस इंडिका’ लिहावयास पाच मिनिटे पुरतात.